एचएसपी७० कर्करोगाविरुद्धच्या प्रतिकाराला मदत करतं की त्याला आवर घालतं?

पेशीरंग (प्रश्न)

एचएसपी७० हे हीट-शॉक प्रथिन, म्हणजे इतर प्रथिनांची घडी सांभाळणारं एक शॅपरॉन; त्याबद्दल जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतो आहे. काही पेपर म्हणतात की मरणाऱ्या ट्यूमर पेशींमधून बाहेर पडलेलं एचएसपी७० ट्यूमरचे पेप्टाइड (प्रथिनांचे छोटे तुकडे) सोबत घेऊन डेंड्रिटिक पेशींकडे (टी-पेशींना लक्ष्य दाखवणाऱ्या पेशी) जातं आणि त्यातून सीडी८ (मारेकरी) टी-पेशी तयार होतात. काही पेपर नेमकं उलट दाखवतात: ज्या गाठींत एचएसपी७० जास्त त्या उपचारांना दाद देत नाहीत, आणि ट्यूमरच्या एक्झोसोमवरचं (पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या) एचएसपी७० प्रतिकार दाबणाऱ्या पेशींनाच बळ देतं. दोन्हीकडचे प्रयोग वाचताना तरी पटतात.

आमचा डेटा असा आहे. ई. कोलायमध्ये बनवलेलं मानवी एचएसपी७०, १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, मोनोसाइटपासून वाढवलेल्या डेंड्रिटिक पेशींवर २४ तास. टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ (दाह वाढवणारे सायटोकाइन, म्हणजे पेशींचे संदेश-रेणू) दोन्ही भरपूर मिळतात. तेच प्रथिन उकळून वापरलं की टीएनएफ जवळपास शून्यावर येतं. पॉलिमिक्सिन-बी (एंडोटॉक्सिनला बांधून निष्प्रभ करणारं औषध) घातलं तर साधारण निम्मं उतरतं. बाटलीवर एंडोटॉक्सिन (जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस; ईयू हे त्याचं एकक) '०.१ ईयू प्रति मायक्रोग्रॅमपेक्षा कमी' असं छापलंय. उकळल्यावर परिणाम जातो, म्हणजे तो प्रथिनाचाच, असं धरायला हरकत नाही ना?

दुसरा प्रश्न: उंदरांत इतकं चांगलं काम करणाऱ्या जीपी९६ (ट्यूमरमधून काढलेलं दुसरं हीट-शॉक प्रथिन) लशी माणसांत का अडल्या?

---

कॉलम_आणि_बफर

हरकत आहे, आणि मोठी आहे. आधी बाटलीवरच्या आकड्याचा हिशेब करा. ०.१ ईयू प्रति मायक्रोग्रॅम गुणिले १० मायक्रोग्रॅम प्रति मिली, म्हणजे कल्चरमध्ये १ ईयू प्रति मिली. १ ईयू म्हणजे ढोबळमानाने १०० पिकोग्रॅम एलपीएस. मानवी मोनोसाइट याहूनही कमी एलपीएसला टीएनएफ सोडतात. डेंड्रिटिक पेशींवर सीडी१४ (एलपीएस पकडणारं प्रथिन) कमी असतं हे खरं, पण माध्यमात सीरम असेल तर त्यातलं विरघळलेलं सीडी१४ ती उणीव भरून काढतं, आणि कल्चरमध्ये थोडे मोनोसाइट उरलेले असतातच. थोडक्यात, 'कमी एंडोटॉक्सिन' असलेल्या त्या बाटलीत तुमचा अख्खा निकाल समजावून सांगेल इतकं एलपीएस असू शकतं.

उकळण्याचा कंट्रोल याच विषयात अनेकांना फसवून गेला आहे. एलपीएस उष्णतेला टिकतं ही समजूत जास्त प्रमाणातल्या एलपीएसपुरती बरोबर आहे. पिकोग्रॅमच्या पातळीवर, प्रथिनाच्या द्रावणात, उकळल्यावर त्याचीही क्रिया घटते. २००३ च्या सुमारास हे नीट दाखवलं गेलं, आणि 'एचएसपी७० हेच सायटोकाइन' म्हणणाऱ्या आधीच्या बऱ्याच कामाकडे पुन्हा पाहावं लागलं. तेव्हा तुमच्या प्रेपमध्ये जितके ईयू आहेत नेमकं तितकंच एलपीएस त्याच बफरमध्ये घ्या, तितकीच मिनिटं उकळा आणि शेजारच्या वेलमध्ये लावा. तेही शून्यावर आलं तर उकळण्याच्या कंट्रोलला काही अर्थ उरत नाही.

पॉलिमिक्सिनने निम्मंच का उतरलं, याची तीन कारणं असू शकतात. एक, पॉलिमिक्सिन कमी पडलं. दोन, एलपीएस प्रथिनाला चिकटलेलं आहे आणि पॉलिमिक्सिनच्या हाती लागत नाही; एचएसपी७०, एचएसपी६० आणि जीपी९६ तिघंही एलपीएस धरून ठेवतात. तीन, प्रेपमध्ये लायपोपेप्टाइड किंवा फ्लॅजेलिन आहे, ज्यांच्यावर पॉलिमिक्सिनचा काही परिणाम होत नाही. लायपोपेप्टाइड टीएलआर२वर जातात आणि एलपीएस टीएलआर४वर (टीएलआर म्हणजे जिवाणूंच्या खुणा ओळखणारे रिसेप्टर), म्हणून 'एचएसपी७० टीएलआर२ आणि टीएलआर४ दोन्हींवर काम करतं' असा निकाल दिसला की मला आधी अशुद्धीचीच शंका येते.

साफ करायचं असेल तर ट्रायटन एक्स-११४. प्रथिन बर्फावर ठेवा आणि डिटर्जंट एकूण १ टक्का होईल इतकं घाला. ४ अंशाला अर्धा तास फिरवा, मग ३७ अंशाला १० मिनिटं. द्रावण गढूळ होईल. आता सेंट्रिफ्यूज करा, पण थंड यंत्रात अजिबात नको. २२-२३ अंशाच्या खाली डिटर्जंट परत विरघळतं आणि सगळी मेहनत वाया जाते. रोटर २५ अंशाच्या वर ठेवा. तळाशी तेलकट थर बसतो, एलपीएस त्यात जातं. वरचं पाणी अलगद उचला. असं तीन वेळा करा आणि उरलेलं डिटर्जंट डिटर्जंट शोषणाऱ्या पॉलिस्टायरीन बीड्सवर काढा. पुढची पायरी बहुतेक जण गाळतात: साफ केलेल्या प्रथिनासोबत एका वेलमध्ये मुद्दाम एलपीएस घाला. त्यालाही पेशी उत्तर देत नसतील तर प्रथिन शुद्ध झालेलं नाही, डिटर्जंटने पेशी मारल्या आहेत.

एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या एलएएल चाचणीवरही डोळे झाकून विसंबू नका. प्रथिन एलपीएसला झाकून टाकतं आणि आकडा खोटा कमी येतो. नमुन्यात माहीत असलेलं एंडोटॉक्सिन घालून ५० ते २०० टक्क्यांच्या आत परत मिळतंय का ते बघा. शिवाय एलएएलला लायपोपेप्टाइड दिसतच नाहीत. त्यासाठी टीएलआर२ असलेल्या एचईके रिपोर्टर पेशी लागतात.

अजून एक गोष्ट तपासा. प्रथिन एटीपी-अ‍ॅगारोज कॉलमवर शुद्ध केलेलं असेल तर ते मिलिमोलर एटीपी घालून कॉलमवरून सोडवतात. डायलिसिस नीट झालं नसेल तर तो एटीपी पी२एक्स७ रिसेप्टरवर जाऊन आयएल-१बीटा सोडायला लावतो. तो परिणामही एचएसपीच्या खात्यावर जमा होतो.

---

शॅपरॉनकट्टा

वरच्या उत्तराशी पूर्ण सहमत, पण त्यातून 'एचएसपीचा प्रतिकाराशी संबंधच नाही, सगळी घाण होती' असा निष्कर्ष कोणी काढू नये. एलपीएस काढल्यावर जाते ती टीएनएफ सोडायला लावण्याची क्रिया. पेप्टाइड पोचवण्याची क्रिया राहते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मूळ प्रश्नातल्या विसंगतीबद्दल. एचएसपी७० नेमकं कुठे आहे आणि त्याच्यासोबत काय आहे, हे सांगितल्याशिवाय 'एचएसपी७० काय करतं' हा प्रश्नच अर्धवट राहतो. किमान चार जागा वेगळ्या धराव्या लागतात.

पेशीच्या आत ते ट्यूमरच्या बाजूने असतं. बदललेली, नीट घडी न पडलेली प्रथिनं सांभाळतं आणि अपोप्टोसिस (पेशीचं ठरवून मरणं) अडवतं. एचएसएफ१ हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर कर्करोगात नुसत्या उष्णतेच्या प्रतिसादापेक्षा वेगळा जनुकसंच चालवतो, हे २०१२ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे बायोप्सीच्या रंगलेल्या काचेवर 'एचएसपी७० जास्त, रोगनिदान वाईट' असं दिसलं तर ते बहुतेक या आतल्या कामाचं मोजमाप असतं. प्रतिकाराबद्दल ती काच फारसं सांगत नाही.

पेशी फुटून विरघळलेल्या रूपात बाहेर आलं, तर सोबतचे पेप्टाइड महत्त्वाचे. जीपी९६ला घेणारा सीडी९१ रिसेप्टर २००० मध्ये ओळखला गेला, आणि तोच एचएसपी७०लाही घेतो असं पुढे दिसलं. एचएसपी७०साठी एलओएक्स-१, जीपी९६ आणि इतर शॅपरॉनसाठी एसआरईसी-१ हेही पुढे आले. आत घेतलेला पेप्टाइड एमएचसी वर्ग-१ वर (टी-पेशींना तुकडे दाखवणारा पृष्ठभागावरचा रेणू) चढतो, आणि हे मोकळ्या पेप्टाइडच्या तुलनेत कितीतरी कमी प्रमाणात जमतं. पण पेशी कशी मेली यावर इथे खूप अवलंबून आहे. गोठवून-वितळवून फोडलेल्या पेशींतून एचएसपी बाहेर पडतं, तर शांतपणे अपोप्टोसिसने मेलेल्या पेशींतून जवळपास नाही. दोन्हींना 'मेलेल्या पेशी' म्हणून एकाच रकान्यात घातलं की निकाल जुळणारच नाहीत.

तिसरी जागा एक्झोसोमची पटल. तुम्ही म्हणता ते दडपणारं काम बरंचसं इथलं. उंदरांच्या ट्यूमरवरच्या २०१० च्या कामात एक्झोसोमवरचं एचएसपी७२ (हे प्रवर्तित होणाऱ्या एचएसपी७०चंच दुसरं नाव) मायलॉइड सप्रेसर पेशींच्या टीएलआर२वर बसतं, पेशी स्वतःच आयएल-६ सोडतात, त्यातून स्टॅट३ चालू होतं आणि टी-पेशी दबतात, असं साखळीवार दाखवलंय. एक्झोसोम सुटणं डायमिथाइल अमिलोराइडने रोखल्यावर उपचाराचा परिणाम सुधारला.

चौथी जागा पेशीची बाहेरची पटल. त्याबद्दल फ्लो सायटोमेट्री करणारे कोणीतरी लिहितीलच.

आणि सगळी एचएसपी एका गोणीत भरू नका. एचएसपी२७ मोनोसाइटकडून आयएल-१० काढवतं, म्हणजे कल दडपण्याकडे. जीपी९६ तर पेशीच्या आत टीएलआर आणि इंटिग्रिन घडवायला लागतं, शिवाय जीएआरपीही, ज्याच्या मदतीने रेग्युलेटरी टी-पेशी टीजीएफ-बीटा पृष्ठभागावर धरतात. म्हणून जीपी९६ रोखणारं औषध दिलं तर प्रतिकाराची दोन्ही टोकं हलतात.

---

पेशीरंग

खूप उपयोगी. मिळालेला टीएनएफ आता नव्याने तपासणार. एक शंका: पेप्टाइड पोचवण्याची क्रिया मोजायला एटीपी-अ‍ॅगारोजवरचं प्रथिन चालेल का? आणि लशींचं राहिलं.

---

कॉलम_आणि_बफर

ट्यूमरमधून काढलेल्या एचएसपी७०साठी एटीपी-अ‍ॅगारोज अजिबात नको. एटीपी बसलं की एचएसपी७०ची पेप्टाइड धरणारी खाच उघडते आणि पेप्टाइड सुटून जातो. एडीपी असताना ती बंद राहते. म्हणून एडीपी-अ‍ॅगारोजवर शुद्ध करतात, सोडवतानाही एडीपीच. एटीपीवर शुद्ध केलेलं तेच प्रथिन जेलवर अगदी स्वच्छ एक पट्टी देतं आणि उंदरात लस म्हणून काम करत नाही, कारण ते रिकामं असतं. जेल बघून हा फरक कधीच कळणार नाही.

रिकॉम्बिनंट प्रथिनावर तुम्ही स्वतः पेप्टाइड चढवणार असाल तर आधी एटीपीने रिकामं करून मग एडीपीमध्ये, ३७ अंशाला तासभर पेप्टाइडसोबत ठेवणं सोयीचं. मोकळा पेप्टाइड अल्ट्राफिल्टरवर धुऊन काढा आणि शेवटच्या धुण्याचं पाणीही पेशींवर लावून बघा. तेच टी-पेशींना चेतवत असेल तर धुणं अपुरं झालंय.

पेप्टाइड निवडताना एक सापळा आहे. एसआयआयएनएफईकेएल (ओव्हाल्ब्युमिनचा २५७ ते २६४ हा तुकडा) जसाच्या तसा वापरला तर तो एचएसपीवरून सुटून पेशीच्या पृष्ठभागावरच्या एमएचसीवर बाहेरूनच बसतो, आणि ओटी-१ टी-पेशी (नेमका हाच तुकडा ओळखणाऱ्या) खूश होतात. आत घेणं, कापणं, चढवणं यातलं काहीच झालेलं नसतं. दोन्ही टोकांना वाढवलेला लांब पेप्टाइड घ्या, जो कापल्याशिवाय एमएचसीत बसणार नाही. सोबत एक वेल फिक्स केलेल्या डेंड्रिटिक पेशींची. तिथे सिग्नल आला तर तो बाहेरून बसलेल्या पेप्टाइडचा. सीडी९१चा वाटा बघायचा असेल तर अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिनने स्पर्धा लावा, तो त्याच रिसेप्टरचा जुना ग्राहक आहे. पण सीरममध्ये तो आधीच असतो, म्हणून हा प्रयोग सीरममुक्त माध्यमात.

---

लसविचार

जीपी९६ची सुरुवात १९८६ मध्ये प्रमोद श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांच्या कामातून झाली. मिथाइलकोलॅन्थ्रीनने उंदरांत घडवलेल्या सार्कोमातून जीपी९६ काढलं की ते त्याच ट्यूमरपासून वाचवतं, दुसऱ्या ट्यूमरपासून नाही. सगळ्यांच्या जीपी९६चा क्रम सारखाच, मग ही विशिष्टता कुठून? सोबतच्या पेप्टाइडमधून. माझ्या मते माणसांतल्या अडचणीचं पहिलं कारण या मॉडेलमध्येच आहे. हे रसायन डीएनएत भरमसाट म्युटेशन करतं, त्यामुळे त्या सार्कोमाच्या जीपी९६वर परके वाटणारे पेप्टाइड पुष्कळ असतात. मूत्रपिंडाच्या कर्करोगात म्युटेशनचं ओझं त्या मानाने फार कमी. शॅपरॉन तेच, पण त्यावर बसलेलं वेगळं.

मात्रा ही दुसरी गोष्ट. उंदरात त्वचेत १ मायक्रोग्रॅमच्या दोन मात्रांनी संरक्षण मिळतं. दहापट दिलं की ते नाहीसं होतं, आणि जास्त मात्रेनंतर दडपण आणणाऱ्या सीडी४ टी-पेशी दिसतात. हे १९९९ चं काम आहे. 'थोडं जास्त दिलं तर बरं' हा नियम इथे लागू नाही.

माणसांतली लस (व्हायटेस्पेन) प्रत्येक रुग्णाच्या स्वतःच्या गाठीतून बनवायची: २५ मायक्रोग्रॅम त्वचेत, चार आठवडे दर आठवड्याला, मग पंधरवड्याने. मूत्रपिंडाचा कर्करोग काढल्यानंतरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत (२००८) ७२८ रुग्णांचं विश्लेषण झालं. रोग न परतण्याच्या काळात लस घेतलेले आणि नुसते निरीक्षणाखाली असलेले यांत लक्षणीय फरक निघाला नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या उपगटात फायद्याची चिन्हं होती, आणि त्यावर त्याच वर्षी रशियात मध्यम धोक्याच्या रुग्णांसाठी मान्यता मिळाली. मेलानोमाच्या चौथ्या टप्प्यातल्या ३२२ रुग्णांच्या चाचणीतही एकूण फरक नाही. ज्यांना किमान दहा मात्रा मिळाल्या आणि रोग त्वचा, लसीका गाठी किंवा फुफ्फुसापुरता होता ते जास्त जगले. ही शेवटची तुलना जपून वाचा. दहा मात्रा घेण्याइतकं जगला तोच त्या गटात येतो, शिवाय तेवढी लस बनण्याइतकी मोठी गाठ काढता येणं हीसुद्धा एक निवड आहे.

बनवताना काय बिघडतं तेही सांगतो, कारण 'लस चालली नाही' यामागे कधी कधी फक्त प्रेप असतो. गाठीत मेलेला भाग जास्त असेल तर प्रोटीएज जीपी९६ खातात आणि उत्पादन हाती येत नाही. अमोनियम सल्फेटचा ५० ते ७० टक्क्यांचा भाग घेऊन पुढे कॉन-ए (साखरेच्या साखळ्या धरणारं प्रथिन) कॉलम, अल्फा-मिथाइल मॅनोसाइडने सोडवणं, मग डीईएई, हा जुना मार्ग. यात कॉलमवरून थोडं कॉन-ए सुटतं, आणि कॉन-ए स्वतः टी-पेशींचं जबर उत्तेजक आहे. प्रयोगशाळेत लिम्फोसाइट वाढताना दिसले तर आधी ते तपासा. डीईएईची पायरी त्यासाठीही लागते.

त्या काळात चेकपॉइंट औषधं (टी-पेशींवरचा ब्रेक काढणारी) नव्हती हेही लक्षात घ्यावं. टी-पेशी तयार झाल्या तरी गाठीत शिरून पीडी-१मुळे थकत असतील, तर नुसती लस दिसणार कशी?

---

फ्लोगेट

पटलावरच्या एचएसपी७०बद्दल. या प्रथिनाला पटलात रोवणारा भाग नाही, तरी बऱ्याच ट्यूमर पेशींच्या बाहेरच्या बाजूला ते असतं, निरोगी पेशींवर सहसा नसतं. एनके (नॅचरल किलर) पेशींना ते दिसतं. प्रथिनातला ४५० ते ४६३ हा १४ अमिनो आम्लांचा तुकडा (टीकेडी) सीडी९४ असलेल्या एनके पेशींना चेतवतो. प्रयोगशाळेत टीकेडी २ मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि आयएल-२ १०० आययू प्रति मिली, तीन ते पाच दिवस, हे नेहमीचं प्रमाण. आयएल-२ वगळलं तर टीकेडी एकट्याने फारसं जमत नाही. अशा एनके पेशी रुग्णाला परत देण्याच्या चाचण्या झाल्या आहेत, पण थोड्याच रुग्णांवर. ती पद्धत सुरक्षित दिसते, याहून जास्त दावा करू नये.

मोजताना नेहमी चुकतं ते असं. पेशी ट्रिप्सिनने सोडवल्या की पटलावरचा भागच कापला जातो. ईडीटीएने, थोडाच वेळ. फिक्स करू नका, छिद्रं पाडणारा बफर तर नकोच, नाहीतर आतलं एचएसपी७० रंगतं आणि सगळ्याच पेशी 'पॉझिटिव्ह' होतात. सगळं ४ अंशाला. मेलेल्या पेशी प्रोपिडियम आयोडाइडने किंवा ७-एएडीने बाहेर काढा, कारण फुटलेल्या पेशींचं एचएसपी७० शेजारच्या जिवंत पेशींना चिकटतं. मेलेल्या पेशी फार असतील तर तो नमुना सोडून दिलेला बरा. अँटिबॉडी पटलावरचा टीकेडी भाग ओळखणारी हवी (सीएमएचएसपी७०.१ त्यासाठीच आहे). वेस्टर्नला चांगली चालणारी अँटिबॉडी इथे बहुधा काहीच दाखवत नाही.

रक्तातलं एचएसपी७० मोजणाऱ्यांसाठीही एक सूचना. लाल पेशींत ते भरपूर असतं. नमुना जरा गुलाबी दिसला तरी आकडा फुगतो. दोनदा सेंट्रिफ्यूज करा, आणि तुमचा एलायझा एक्झोसोमवरचं एचएसपी७० पकडतो की फक्त विरघळलेलं, हे किटच्या कागदावरून खात्री करून घ्या. दोन पेपरांचे आकडे न जुळण्याचं हे फार साधं कारण असतं.

---

ऊष्मा४२

उपचाराच्या बाजूचं थोडं. एचएसपी९० रोखलं की एचएसएफ१ मोकळं होतं आणि काही तासांत एचएसपी७० चढतं. रुग्णांच्या रक्तपेशींत औषध पोचल्याची खूण म्हणून हेच मोजतात. म्हणजे एक शॅपरॉन दाबताना दुसरं वाढतं. टी-पेशींना चेतवणारं एंझाइम एलसीके हेही एचएसपी९०वर अवलंबून असल्यामुळे सतत जास्त मात्रा दिली तर ट्यूमरसोबत टी-पेशीही ढिल्या पडतात. उलट गॅनेटेस्पिबच्या कामात (२०१७) ट्यूमर पेशींत इंटरफेरॉनची जनुकं वाढून टी-पेशींचा मारा सुधारला. सहकल्चर करताना आधी ट्यूमर पेशींना औषध द्या, धुऊन काढा, मगच टी-पेशी घाला. नाहीतर औषध नेमकं कोणावर चाललं ते सांगता येणार नाही.

केमोथेरपीतही औषध बदललं की खुणा बदलतात. ऑक्झालिप्लॅटिनने कॅलरेटिक्युलिन ('मला खा' अशी खूण देणारं प्रथिन) पृष्ठभागावर येतं, सिसप्लॅटिनने येत नाही. बोर्टेझोमिबने मरणाऱ्या मायलोमा पेशींवर एचएसपी९० दिसतं आणि डेंड्रिटिक पेशी त्यांना त्यावरून ओळखतात (२००७).

हायपरथर्मियाबद्दल लोक सरसकट 'गरम केलं, एचएसपी वाढलं, प्रतिकार वाढला' असं लिहितात. पहिल्या सत्रानंतर वाढलेलं एचएसपी७० त्याच पेशींना पुढच्या उष्णतेपासून वाचवतं. ही उष्णतासहनशीलता उतरायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून सत्रं आठवड्यातून दोनदाच, मधे साधारण ७२ तास. रोज गरम करणारा उंदरांवरचा प्रयोग म्हणजे बहुतांशी ही सहनशीलताच मोजणारा प्रयोग. मऊ ऊतींच्या सार्कोमात केमोथेरपीसोबत स्थानिक उष्णता दिलेल्या ३४१ रुग्णांच्या चाचणीत दहा वर्षांनी जिवंत असलेले ५२.६ टक्के, नुसत्या केमोथेरपीत ४२.७ टक्के. फायदा खरा आहे. मात्र त्यातला किती प्रतिकाराचा आणि किती औषध गाठीत जास्त भिनल्याचा, हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही. त्यासाठी सत्राआधी आणि नंतर दोन्ही बायोप्सी लागतील, आणि दुसरी बायोप्सी २४ तासांत घेतली तर एचएसपी७० शिखरावर असताना सगळंच चांगलं दिसेल.